गाडी वळवून आणतो

१

दोष माझ्या बापाचा. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढं स्प्रिंगचं येईल, उन्हाचं येईल, म्हातारपणाचं येईल, आणि आमच्या घरातली मोठी माणसं असल्या कशाच्याही आड लपायला पटाईत आहेत. बापाचं नाव यशवंतराव. घरात आबा.

भोसरीच्या शिवारातली आमची जमीन कारखान्यांसाठी गेली आणि पैसे आले. संस्थानिकांचे तनखे बंद झाले त्या सुमारास आबानं कुठल्याशा राजेसाहेबांच्या कारभाऱ्याकडून एक विलायती गाडी उचलली. चार दारांची, लांबून बघितली तर घरंदाज. पण बोनेटखाली सहा सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, चारी चाकांना डिस्क ब्रेक. शर्यतीच्या गड्याला कोट-टोपी घालून लग्नात बसवावं तशी. आबाला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला बोनेटच्या टोकावरचं उडी मारणारं चकचकीत जनावर आवडलं होतं, आणि मागची डावी सीट. मालकाची जागा. तिथं तो बसला की गाडी करकरत त्या अंगाला नमायची. आबा देहानं दांडगा.

मला मात्र गाडी कळत होती. पुण्यात इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष टाकून मी घरी आलो होतो. फळ्यावर इंजिन काढणाऱ्या मास्तरांनी उभ्या जन्मात एक बोल्ट फिरवला नव्हता, त्यांच्यासमोर मान डोलवायचा मला कंटाळा आला. घरी आल्यावर आबा चारचौघांत म्हणायचा, "आमचा जयसिंग इंजिनेर व्हणार व्हता, आता डायवर झालाय." लोक हसायचे. मीही ऐकून घ्यायचो, कारण चावी माझ्याकडं होती.

बैल विकल्यावर रिकामा झालेला गोठा मी गाडीसाठी घेतला. दावणी उपटल्या, फरशी घातली, गवंड्याच्या उरावर बसून पाणसळ लावून घेतली. रोज सकाळी माझं ठरलेलं काम. तेलाची पट्टी काढून बघायची, रेडिएटरमध्ये पाणी, चाकांची एकेक तार फडक्यानं पुसायची. शेवटी टपावर तांब्याभर पाणी. टप थोडा फुगीर आहे. गाडी सरळ उभी असली की पाणी चारी अंगांनी सारखं ओघळतं.

वैशाखातल्या एका सकाळी ते सगळं मागं, डावीकडं गेलं.

मी दुसरा तांब्या ओतला. तोही तसाच. वाकून बघितलं. मागचं डावं चाक कमानीत बोटभर वर शिरलं होतं. हवा ठीक होती. आत कुणी नव्हतं.

२

त्याच्या आदल्या दिवशी आबा गोजाआत्याला पुण्याला घेऊन गेला होता.

गोजाआत्या आबाची थोरली बहीण, चिखलीला दिलेली. नवरा कधीच गेला, पोटचा पोरगा कंपनीत शिफ्टला. जमिनीत तिचाही वाटा होता, आणि आमच्याकडं बहिणीचा वाटा सोडवून घ्यायची एक रीत आहे. तिला जेवायला बोलवायचं, नवं लुगडं द्यायचं, कचेरीत नेऊन अंगठा घ्यायचा आणि मग भावानं स्वतः तिला तिच्या दारात नेऊन सोडायचं. सासरच्या आळीनं बघावं, की बाईचा वाटा गेला पण भाऊ गेला नाही. एवढ्यावर आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसल्या आहेत. मला लिहितानाही लाज वाटते.

जेवताना आत्या म्हणाली, "मला पैका नको, यशवंता. तेवढं तुझ्या गाडीनं माझ्या दारात उतरीव. तू हात दे, मी उतरते. आळी बघू दे."

"अगं राणीवानी उतरीवतो," आबा म्हणाला.

मी चावी घेऊन उठलो, तर आबानं हात पुढं केला. "आज मी हाकणार. बहीण माझी, गाडी माझी."

"आबा, तुम्हाला दोन गिअरच्या वर येत नाही."

"दोनात पुणं येत न्हाई व्हय?"

आत्या मागं डावीकडं बसली. पुढच्या सीटच्या पाठीला लाकडाची घडीची फळी आहे, साहेब लोकांना चहा ठेवायला. आत्यानं ती उघडून तिच्यावर ओटीचा नारळ ठेवला आणि वरचा कातडी पट्टा धरला. "घोड्यावर बसल्यावानी वाटतंय रं," असं म्हणून हसली. तोंडावर पदर घेऊन हसली, लहान पोरीसारखी.

दुपारी आबा एकटाच आला. गाडी फाटकात शिरायच्या आधी जळक्या क्लचचा वास शिरला. मी धावत गेलो आणि पहिलं विचारलं ते, "क्लच कसा जाळलात?" नंतर विचारलं, "आत्या?"

"गेली यष्टीनं. तिला घाई व्हती."

दुसऱ्या दिवशी कळलं. अंगठा घेऊन झाल्यावर आबानं तिला कचेरीच्या पायरीवर बसवलं होतं. "हितं बस, गाडी वळवून आणतो," असं सांगून तो गेला तो गेलाच. कचेरी बंद झाली तरी आत्या पायरीवरून हलली नाही. पहाटे पुण्यात दूध घालायला जाणाऱ्या चिखलीच्या एका माणसानं तिला ओळखलं आणि टेम्पोत, रिकाम्या कॅनांच्या मधे बसवून घरी आणलं.

मी आबाला तोंडावर चार शब्द बोललो. तो सुपारी कातरत राहिला. मग मी गोठ्यात गेलो आणि क्लच उघडला. हात काळे करून घेतले की आमच्या घराची लाज थोडा वेळ विसरता यायची.

३

पिंपरीला हमरस्त्यावर गुलजारचं गॅरेज. गुलजार बडबड्या, फुशारक्या मारणारा, बिल लावताना हात न आखडणारा. पण गाडी खाली घेतली की मन लावायचा.

"छोटे पाटील, ही गाडी न्हाई, नवाब हाय," तो खालून ओरडला. "नवाब असा एका कुशीवरच बसतो."

"स्प्रिंग बघ."

"बघितलं. ना पाटा तुटलाय, ना बूश गेलाय."

"मग डावं उजवीकडं लाव, उजवं डावीकडं. स्प्रिंग थकलं असेल तर गाडी उजवीकडं बसेल."

हे साधं तर्काचं काम होतं. कॉलेज सोडलं म्हणून तर्क सुटत नाही. दुपारपर्यंत अदलाबदल झाली. जॅक काढला. गाडी चारी पायांवर आली, श्वास सोडल्यासारखी हलली आणि हळूहळू मागं डावीकडं बसली.

गुलजार हात पुसत उभा राहिला. "तुमचे आबा रोज तिथं बसतात ना? दांडगा माणूस. गाडीला सवय लागली, राव."

मी हसलो. हसता हसता थांबलो. कारण आबा तिथं बसत नव्हता. पुण्याहून आल्यापासून तो पुढं, माझ्या शेजारी बसत होता. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला होता, "हितं विंजनाचा आवाज बरा येतो." ज्या माणसानं मागच्या डाव्या सीटसाठी गाडी घेतली, तो इंजिनाचा आवाज ऐकायला पुढं आला होता, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"बिल किती?" मी विचारलं.

"राहू द्या," गुलजार म्हणाला. हा माणूस कधी राहू द्या म्हणत नाही.

४

दुपारी मी गाडी चाकणच्या रस्त्याला काढायचो. उन्हात रस्ता मोकळा असतो. मोशीपर्यंत इंजिन तापू द्यायचं, तेलाच्या काट्यावर डोळा ठेवायचा, मग तिसऱ्यात पाय दाबायचा. त्या इंजिनाचा आवाज वर चढताना फाटत नाही, घट्ट होत जातो. त्या आवाजात मला आबा आठवायचा नाही, मास्तर आठवायचे नाहीत, काही आठवायचं नाही. माझ्या आयुष्यात मला नीट येणारी ती एकच गोष्ट होती.

आणि वळणावर गाडी सांगते, कोण कुठं बसलंय ते.

इंद्रायणीकडं उतरताना एक लांब उजवं वळण आहे. त्या दिवशी मी त्यात शिरलो आणि स्टिअरिंगमध्ये ते लागलं. मागं पोतं ठेवलेलं असेल तर ते गाडीबरोबरच कलतं. माणूस तसा कलत नाही. माणूस क्षणभर उशिरा कलतो आणि मग स्वतःला सावरतो. मला ते सावरणं लागलं. पाठोपाठ कातड्याचा पट्टा ताणल्याचा बारीक आवाज.

आरशात मागची सीट रिकामी होती. घडीची फळी उघडी होती. मी ती सकाळी पुसून मिटवली होती, पण खटका ढिला असेल. खटके ढिले होतात.

मी गाडी परत फिरवली आणि तेच वळण पुन्हा घेतलं, जास्त वेगानं. का, ते सांगता येत नाही. या वेळी मागून कुणीतरी श्वास आत घेतला. भ्यालेल्या म्हाताऱ्या बाईनं घ्यावा तसा, दातांवरून.

मी पाय काढला. चाकणपर्यंत बैलगाडीच्या चालीनं गेलो.

चाकणच्या अलीकडं ट्रकांचा वजनकाटा होता. ट्रक नव्हता एकही. मी गाडी काट्यावर चढवली, खाली उतरलो आणि केबिनमधल्या माणसाला म्हणालो, "रिकाम्या गाडीचं वजन पाहिजे."

त्यानं माझ्याकडं बघितलं, काट्याकडं बघितलं. "रिकामी म्हणताय ना?"

"हो."

"मग मागल्या माणसाला उतरवा की."

"कुणी नाही मागं."

"काटा काय येडा हाय व्हय?" तो वैतागून बाहेर आला, गाडीजवळ गेला, कपाळाला हात लावून मागच्या काचेतून आत वाकला. तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग केबिनमध्ये परत गेला आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

मी काचेवर टकटक केली. "पावती?"

"न्या गाडी," तो आतून म्हणाला. "वजन केलेलं न्हाई."

५

परत येताना मी चिखलीला वळलो. कचेरीच्या प्रकारानंतर तिथं आमच्यातलं कुणीच गेलं नव्हतं. आळीच्या तोंडाशी गाडी लावली आणि चालत गेलो. गाडीतून दारात जायची हिंमत नव्हती.

रंभावहिनी, आत्याची सून, दारात तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं आणि परत सुपात बघितलं. "आलात? आमाला वाटलं, माणसं संपली तुमच्याकडली."

"आत्या कशीय?"

"खात्यात, पित्यात. आत जाऊन बघा."

आत्या बाजेवर बसली होती. गुडघे जुळवून, ताठ, समोर बघत. अंगावर तेच निळं लुगडं. मी तिच्या पायाशी बसणार तेवढ्यात माझी नजर बाजेवर गेली. माणूस बसला की सुंभ मधे झोळीसारखं खाली येतं. आत्याखाली ते आलं नव्हतं. नव्यानं आवळलेल्या, रिकाम्या बाजेसारखं सरळ होतं.

"बघितलंत?" वहिनी मागं येऊन उभी राहिली. आवाज खाली आणून म्हणाली, "आंघोळीला मी एका हातानं उचलते, भावजी. शेणाची पाटी जास्त जड लागती. डाक्टर म्हणतो, अशक्तपणा."

"असेल," मी म्हणालो.

"आन् दुपारच्याला तुमी मोशीकडं गाडी पळवता का वो? लांबनं आवाज येतो. तवा या अशा हात वर धरून बसत्यात. आज तर डुलल्या आन् भ्याल्या. दोनदा."

आत्यानं मान हळूच माझ्याकडं वळवली. पण तिचे डोळे माझ्यावर नव्हते, माझ्या बाजूला, काच असावी तिथं होते.

"वळवली का रं गाडी यशवंतानं?" तिनं विचारलं.

६

आबा ओट्यावर पाय पसरून नखं काढत होता.

"आबा, त्या दिवशी पुण्यात काय झालं?"

"सांगितलं न्हवं का."

"खरं सांगा. मी आत्ता आत्याला बघून आलोय."

नखं काढायचा आवाज थांबला. तो अंगणातल्या उन्हाकडं बघायला लागला. मग, मला नाही, उन्हाला सांगितल्यासारखं बोलला.

"बोळात गाडी अडकली. म्होरं हातगाडी. मागं घ्यायची म्हणलं तर मागं घ्यायचा गेर घावंना. दांडा हिकडं ढकलला, तिकडं ढकलला. किर्रकिर्र वाजाया लागली. माणसं गोळा झाली. एक काळ्या कोटातला हसला. म्हणला, पाटील, बैल जुपा म्होरं. समदी हसली."

"मग?"

"मग हातगाडी निघाली तसा म्होरं आलो."

"फिरून मागं जाता आलं असतं."

"तीच माणसं असती की तितं."

एवढंच. गिअर सापडला नाही म्हणून माणसं हसली, आणि हसली म्हणून बहीण पायरीवर. मी आजवर आबाला लबाड समजत होतो. लबाड परवडला असता. हा नुसता लाजला होता, आणि त्या लाजेची किंमत दुसऱ्यानं भरावी हे त्याला रीतीला धरून वाटत होतं.

"आबा, तुम्ही गाडीत मागं का बसत नाही?"

त्यानं नखं काढायचं पातं मिटलं. "तितं जागा न्हाई," तो म्हणाला.

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. जळक्या क्लचची गाडी हाकत, दुसऱ्या गिअरमध्ये, तो पुण्याहून भोसरीपर्यंत एकटा आला नव्हता.

"उठा," मी म्हणालो. "चिखलीला चला. तिला हात द्या आणि उतरवा. तेवढंच मागितलं होतं तिनं."

"आळी हसंल."

"हसू दे."

तो उठला. धोतर झटकलं, टोपी घातली. मला वाटलं, जिंकलो.

७

वाटेत आबा एकदाच बोलला. वळणावर म्हणाला, "हळू घे. तिला सवय न्हाई."

या वेळी मी गाडी आळीत थेट आत्याच्या दारापर्यंत नेली. पुढं भिंत होती, आळी तिथंच संपते. पोरं धावत आली, बाया दारांत आल्या. पारावरून उठून दोघं-तिघं जवळ येऊन उभे राहिले. रंभावहिनी उंबऱ्यात आली.

मी उतरलो, वळसा घालून मागचं डावं दार उघडलं. गाडी खालीच बसलेली. सीटच्या कातड्यात बसलेल्या माणसाएवढा खळगा होता.

"आबा, या."

आबा समोरच्या भिंतीकडं बघत होता.

"आबा. सगळे बघतायत. हेच पाहिजे होतं तिला. हात द्या."

आबानं काच वर घ्यायला सुरुवात केली. सावकाश फिरवत, शेवटपर्यंत घट्ट. काचेपलीकडं त्याचा कान लालभडक झालेला दिसत होता. मागं कुणीतरी फिसकन हसलं. "पाटलाला दार उघडंना वाटतं."

उजव्या हातानं मी दार धरलं होतं. डावा पुढं केला. "आत्या, उतर," मी म्हणालो. "घर आलं."

कातड्यातला खळगा सीटच्या कडेला सरकला.

म्हातारं माणूस उतरताना आधी बोटं धरतं, मग मनगट, आणि मग आपला सगळा भार एकदम टाकतं. तसंच झालं. खांदा निखळतोय असं वाटलं. मी ओरडलो नाही, आळी बघत होती. माझ्या पाठीमागं गाडीची स्प्रिंगं करकरत वर आली.

माझ्या हाताकडं मी बघितलं नाही. उंबऱ्याकडं चालत रंभावहिनीच्या तोंडाकडं बघत राहिलो. ती माझ्या हाताकडं बघत होती. मग ती बाजूला झाली, वाट दिली आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला, सासू समोरून आली की ओढतात तसा.

आत बाज करकरली. सुंभ खाली आलं. आत्यानं मोठा श्वास सोडला आणि इकडंतिकडं बघितलं, या वेळी खरोखर बघितलं.

"कुणी आणलं मला?"

"मी. जयसिंग."

"यशवंता?"

"गाडीत आहे."

"उतरला न्हाई?"

मी मान खाली घातली. आत्या रागावली नव्हती. हिशेब मिटल्यावर माणूस बोलतं तशी बोलली.

"मग बसू दे त्याला तितंच."

८

गाडी मागं घ्यायची होती आणि माझा डावा हात वर उचलत नव्हता. गिअरचा दांडा त्याच हाताला. उजवा हात आडवा घालून ओढून बघितला, पडेना. किर्रकिर्र वाजलं. माणसं हसली. शेवटी पारावरच्या दोघांनी पुढून रेटा देऊन गाडी आळीबाहेर काढून दिली. आबा आत बसलेलाच.

"लई हलकी हाय की वो," एक जण हात झटकत म्हणाला. "म्हणलं, पाटील बसल्यात म्हणजे जड जाईल."

गुडघ्यानं स्टिअरिंग दाबून धरून, उजव्या हातानं कसाबसा दुसरा गिअर टाकला आणि भोसरीपर्यंत तसाच आलो. आबा शेजारी ताठ बसून समोर बघत होता. मोशीच्या वळणावर गाडी माझ्या एकट्याच्या भारानं वळली.

गोठ्यात गाडी उभी केली. आबा उतरला नाही. मी तांब्या भरून आणला आणि टपावर ओतला. आत आबा पुढं डावीकडं बसलेला, एवढा दांडगा माणूस. पाणी टपावर थांबलं आणि चारी अंगांनी सारखं ओघळलं.

नंतर तो उतरला. गाडी हलली नाही; त्याचा भार चिखलीलाच, आत्याच्या दारात राहिला होता.

आबा अजून आहे. खातो, पितो. ओट्यावर बसतो. आई त्याला हाताला धरून आत नेते, तिला जोर लावावा लागत नाही. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

गाडी गोठ्यात आहे, सरळ उभी. माझ्या डाव्या हातात जोर परत आला नाही, गिअर पडत नाही. मी पुन्हा गाडी चालवलेली नाही.